बाळाच्या वाटीशेजारी घड्याळ कोणी ठेवलं?



वर्षाचं बाळ असलेल्या घरात एक वाद हमखास चालू असतो. सून म्हणते, दर तीन तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, तसा तक्ता आहे. सासूबाई म्हणतात, भूक लागली की रडेल, तेव्हा दे. मोबाईलवरचं अ‍ॅप सांगतं, आता झोपेची वेळ झाली. आणि बाळ? ते या तिघांनाही न विचारता वरणभाताची वाटी उलटी करतं आणि झोपायच्या वेळी टाळ्या वाजवत बसतं.

आपल्या घरांत या वादात आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे सूर्यास्त. स्वयंपाकघर दिवेलागणीच्या आत आवरायचं, मग बाळाचं रात्रीचं जेवण कधी? रात्री उठलं तर दूध द्यायचं की नाही? मला हे प्रश्न इतक्या जणींनी विचारलेत, की शेवटी मी या वेळापत्रकाचा इतिहासच धुंडाळायला घेतला. बाळाच्या जेवणाला आणि झोपेला घड्याळ पहिल्यांदा कोणी लावलं, आणि का? जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते. कारण ते कळल्यावर माझ्या मनावरचं बरंच ओझं उतरलं.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांपासून सुरुवात करू. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात, म्हणजे नवव्या शतकातल्या ग्रंथात, गृहस्थाच्या ५३ गर्भान्वय क्रिया सांगितल्या आहेत. त्यात बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की अन्नप्राशन येतं आणि वर्ष पुरं झालं की ‘व्युष्टि’ नावाची क्रिया येते. तिलाच वर्षवर्धन असंही म्हटलं आहे. आपण आज ज्याला पहिला वाढदिवस म्हणतो, तोच हा टप्पा. त्या दिवशी पूजा, दान आणि आप्तेष्टांना जेवण.

आयुर्वेदातही असेच टप्पे आहेत. बालरोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळं आणि दहाव्या महिन्यात अन्न, असा क्रम आहे. हा ग्रंथ खंडित रूपात नेपाळमध्ये सापडला आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून छापून बाहेर आला. वाग्भटांनीही दात आल्यावर बाळाला अंगावरच्या दुधापासून क्रमाक्रमानं दूर करावं, असं सांगितलं आहे. या सगळ्यात महिने आहेत, दात आहेत, क्रम आहे. पण दर चार तासांनी, इतके चमचे, असं मात्र नाही. हा तासांचा हिशोब दुसरीकडून आला.

१७४८ मध्ये लंडनमध्ये विल्यम कॅडोगन नावाच्या डॉक्टरांचं बाळांच्या संगोपनावर एक छोटं पुस्तक प्रसिद्ध झालं. ते लिहिलं होतं तिथल्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या एका विश्वस्ताला पत्र म्हणून. फाउंडलिंग हॉस्पिटल म्हणजे टाकून दिलेल्या बाळांचा आश्रम. १७४१ मध्ये तिथं पहिली बाळं घेतली गेली. कॅडोगन यांचं बरंच म्हणणं आजही पटेल असं होतं: बाळाला कपड्यांत आवळून बांधू नका, त्याला आईचं दूध द्या. पण त्यांनी आणखीही एक सांगितलं: दिवसातून ठरावीक वेळाच पाजा, आणि रात्री पाजू नका.

जरा विचार करा. एका छताखाली कितीतरी बाळं, त्यांना सांभाळणाऱ्या बायका मोजक्या, आणि त्या काळात बाळांच्या तोंडात काहीही कोंबण्याची पद्धत. तिथं नियम हवाच होता. पण आईच्या कुशीतल्या एका बाळाला तोच नियम तसाच्या तसा लागू होतो का, हा प्रश्न त्यानंतर पावणेदोनशे वर्षं फारसा कोणी विचारलाच नाही.

मग आली बाटली आणि डबा. १८६७ च्या सुमारास जर्मनीतले रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचं बाळअन्न बाजारात आलं आणि स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची पूड विकायला सुरुवात केली. अंगावरचं दूध मोजता येत नाही, बाटलीतलं येतं. एकदा मोजमाप आलं की तक्ता आलाच. न्यूयॉर्कमध्ये बाळांच्या इस्पितळात काम करणारे डॉक्टर एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये प्रश्नोत्तरांच्या रूपात एक पुस्तक काढलं. मुळात ते दाया शिकवण्यासाठी होतं. त्यात कोणत्या महिन्याला किती दूध, किती वेळा, किती तासांनी, हे सगळं आखून दिलेलं होतं.

त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. त्या काळी मोठ्या शहरांत उन्हाळ्यात नासकं, भेसळीचं दूध पिऊन जुलाबानं बाळं दगावत होती. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ते मृत्यू होते. बाटली स्वच्छ धुवा, दूध तापवा, वेळेवर द्या, उरलेलं टाकून द्या, या शिस्तीनं जीव वाचले. आपल्याकडे पाणी उकळून, गाळून प्यायची आणि ताजंच खायची शिकवण आहे. त्यामुळे ही शिस्त आपल्याला परकी वाटू नये.

घड्याळाचा खरा अंमल बसवला तो न्यूझीलंडच्या ट्रूबी किंग यांनी. हे गृहस्थ डनेडिन शहराजवळच्या सीक्लिफ इथल्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख होते. इस्पितळाची मोठी शेती होती, गोठा होता. तिथल्या वासरांना जुलाब होत, म्हणून त्यांनी वासरांच्या दुधाचं प्रमाण आणि वेळा यांचा अभ्यास केला, आणि मग तेच धडे माणसांच्या बाळांकडे आणले. १९०७ मध्ये त्यांनी डनेडिनमध्ये माता-बालकांसाठी संस्था काढली. तिथल्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी प्लंकेट यांच्या नावावरून ती प्लंकेट सोसायटी म्हणून ओळखली गेली. दर चार तासांनी दूध, रात्री अजिबात नाही, झोप ठरल्या वेळी, मोकळी हवा भरपूर, आणि बाळाला विनाकारण उचलणं नाही. १९१८ मध्ये लंडनलाही त्यांचं प्रशिक्षण केंद्र निघालं. न्यूझीलंडमध्ये बालमृत्यू कमी झाले ते यांच्यामुळेच, असं बरीच वर्षं मानलं गेलं. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की ते आधीपासूनच कमी होत होते आणि त्यात स्वच्छता, लहान कुटुंबं, सुधारलेलं राहणीमान यांचाही मोठा वाटा होता.

टोक गाठलं ते १९२८ मध्ये. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी पुस्तक लिहून आयांना बजावलं, की मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, फार तर सकाळी हात मिळवा. आपल्या आज्यांनी हे ऐकलं असतं, तर त्यांनी वॉटसन यांनाच मांडीवर घेऊन थोपटलं असतं!

ही सगळी हकीकत लांबच्या देशांची झाली. घड्याळानं आपल्या महाराष्ट्रात बाळांचं काय केलं, ते मुंबईच्या गिरणगावात पाहायला मिळतं, आणि ते वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ ची. पुढे हजारो बायका गिरण्यांत कामाला लागल्या. १८९१ च्या कायद्यानं बायकांचे कामाचे तास कमी केले, म्हणजे किती? दिवसाला ११! भोंगा झाला की बाईनं आत असलंच पाहिजे. घरी वर्षाचं बाळ. मग त्याला दिवसभर झोपवून ठेवायचं कसं? अफूची गोळी. तिला बाळगोळी म्हणत. १९२० च्या दशकात सरकारनं नेमलेल्या एका स्त्री डॉक्टरनं गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा ही सवय चाळींत किती सर्रास आहे ते कागदावर आलं. इंग्लंडच्या गिरण्यांच्या शहरांतही असंच अफूचं ‘औषध’ बाळांना दिलं जात असे.

त्या आया निष्ठुर नव्हत्या. त्यांच्या बाळाचं वेळापत्रक बाळानं ठरवलं नव्हतं, आईनंही नाही. ते भोंग्यानं ठरवलं होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्याआधी कायदेमंडळातल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाची बाजू घेतली होती. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. आज आपली एखादी सून नोकरी करते, सहा वाजता घरी येते आणि तिला ‘बाळाच्या झोपेचं काही वळणच नाही’ असं ऐकवलं जातं. तेव्हा मला गिरणगाव आठवतं. वेळापत्रक बिघडलं की आधी विचारावं, ते नक्की कोणाच्या सोयीचं होतं?

आता गोष्ट उलटी फिरली ती कशी, ते सांगते. हा भाग नेमका वर्षाच्या बाळांचाच आहे.

१९२६ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड इथं, आणि नंतर शिकागोत, क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक प्रयोग सुरू केला. नुकतीच दूध सोडून अन्नाला लागलेली, सहा ते अकरा महिन्यांची बाळं घेतली. अशी एकूण १५ मुलं. त्यांच्यासाठी ३४ पदार्थांची यादी केली: धान्यं, फळं, भाज्या, दूध, आणि आपल्याला वर्ज्य असलेले मांसाहारी पदार्थही. जेवणाच्या वेळी त्यातले काही वाट्यांत मांडायचे. दायीनं चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. बाळानं ज्या वाटीकडे हात नेला, त्यातलंच द्यायचं. ‘हे खा बाळा’ नाही, ‘अजून एक घास चिऊचा’ नाही, रागावणंही नाही.

काय झालं? प्रत्येक मुलानं वेगळं खाल्लं. आज एक पदार्थ भरपूर, उद्या त्याला हातही नाही. मोठ्यांच्या नजरेला सगळा गोंधळच! पण महिन्यांचा हिशोब केला, तर मुलं छान वाढली. डेव्हिस बाईंनी १९३९ मध्ये याचा सारांश मांडताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली: खरी मेख यादीत आहे. ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डब्यातलं काही नव्हतं. वाट्यांत काय ठेवायचं ते मोठ्यांनीच ठरवलं होतं. किती खायचं, एवढंच बाळाच्या हाती होतं.

मग १९४२ मध्ये फ्रान्सिस सिमसेरियन या मानसशास्त्रज्ञ आईनं एका डॉक्टरांच्या साथीनं स्वतःच्या बाळाची नोंद छापली. घड्याळ न पाहता, मागेल तेव्हा पाजलं, आणि काही आठवड्यांत बाळानं आपल्या वेळा आपणच बसवल्या. १९४६ मध्ये डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचं पुस्तक आलं. त्यांनी आयांना सांगितलं, की तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. घरोघरच्या आज्यांना हे ठाऊकच होतं. पुस्तकवाल्यांना तिथं पोचायला दोनशे वर्षं लागली.

तर मैत्रिणींनो, या इतिहासातून आपल्या स्वयंपाकघरात काय आणायचं? मी तीन गोष्टी आणल्या.

पहिली, वर्षानंतर भूक कमी होते, ती होणारच. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ. दुसऱ्या वर्षात भर पडते फक्त दोन-अडीच किलोंची. वाढ मंदावली की भूक मंदावते. ‘पूर्वी वाटीभर खायचा, आता तोंड फिरवतो’ हे दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या वयात दिवसाला तीन-चार जेवणं आणि लागलं तर मधलं एक-दोनदा खाणं पुरतं, अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालतं. उलट वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं, तर पोट दुधानंच भरतं आणि लोह कमी पडतं. वेळा आणि पदार्थ आपण ठरवायचे, किती ते त्यानं. मात्र वजन वाढतच नसेल, बाळ मलूल असेल, तर इतिहास बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.

पदार्थांच्या बाबतीत तक्त्यांमध्ये बटाटा, गाजर, रताळं असतं आणि आपल्या मुली बिचकतात. बिचकू नका. लाल भोपळा, पपई, आंबा, दुधी, कच्चं केळं, राजगिरा, नाचणी, मुगाचं वरण, तूप, सगळं आपल्या हाताशी आहे. चातुर्मासात पालेभाजी सोडलेली असेल, तर डाळींवर भर द्या आणि वर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. आणि मध? वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये, असं आता सगळे डॉक्टर सांगतात, कारण त्यातून होऊ शकणारा एक गंभीर आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. आपल्या घरात मध येतच नाही, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

दुसरी गोष्ट झोपेची. एक ते दोन वर्षांच्या मुलाला रात्र-दिवस मिळून ११ ते १४ तास झोप लागते. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दिवसाच्या दोन झोपांची एक होते. या अदलाबदलीत काही आठवडे ओढाताण होतेच. सकाळची झोप एकदम बंद करू नका, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकला. ती दुपारच्या जेवणानंतर येऊन बसली की झालं. तोवर एखाद्या दिवशी दोन झोपा, एखाद्या दिवशी एक, असं चालू द्या.

तिसरी गोष्ट सूर्यास्ताची. इथं मला वाटतं, आपलं घर जगाच्या पुढेच आहे. घड्याळाची वेळ माणसानं ठरवली. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासूनची, आणि मुंबईनं तर ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली होती! सूर्य मात्र तोच. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या पुढे. थंडीत साडेपाचला बाळाला मऊ भात-वरण, मग थोडं खेळणं, अंग पुसणं, णमोकार ऐकत साडेसात-आठला झोप. बाळाच्या शरीराला हेच मानवतं. उन्हाळ्यात जेवण तासभर पुढे जाईल, झोपही थोडी सरकेल. हा बदल रोज एखाद्या मिनिटाचा असतो, बाळाला जाणवतही नाही.

राहिला प्रश्न रात्रीच्या दुधाचा. काही घरांत वर्ष झालं की ‘आता रात्रीचं बंद’ असं एका दिवसात केलं जातं, आणि रडणाऱ्या बाळापेक्षा आईच जास्त रडते. मी इथं आदिपुराणाचाच आधार घेते. जिनसेनाचार्यांनी व्युष्टिनंतर केशवाप, लिपिसंख्यान हे टप्पे ठेवले आणि उपनीती, जिथून व्रतांची वाट सुरू होते, ती आठव्या वर्षी ठेवली. वर्षाच्या बाळावर व्रताचं ओझं त्यांनी टाकलं नाही. व्रत समजून घ्यायचं असतं. संध्याकाळचं जेवण पोटभर झालं की बहुतेक निरोगी बाळांची रात्रीची मागणी आपोआप कमी होते. ती तशीच, क्रमानं कमी होऊ द्या. मनात शंका असेल, तर आपल्या माताजींना, महाराजांना विचारा. सुनेला मात्र रात्री दोन वाजता अपराध्यासारखं बसवू नका.

बाळाच्या जेवणाचे नियम कधी आश्रमातून आले, कधी गोठ्यातून, कधी गिरणीच्या भोंग्यातून. त्यात चांगलं होतं ते घेऊ: स्वच्छता, ताजं अन्न, दिवसाचा एक ठरलेला क्रम. आपल्या घरी सूर्य आहे, आजी आहे, वाटीत मऊ भात आहे. एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या.

तुमच्या घरी थंडीत बाळाचं संध्याकाळचं जेवण किती वाजता होतं, आणि त्यात काय असतं, ते मला जरूर कळवा. नव्या आयांना त्याचा फार उपयोग होईल.